पहिलं काम, पहिला पगार: आंब्याच्या गाळ्यावरचे सहा आठवडे

मी पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत समुपदेशक आहे. परीक्षेची भीती, घरातली भांडणं, मोबाइलचा नाद अशी प्रकरणं माझ्याकडे नेहमी येतात. "सुट्टीत काम करू का?" हा प्रश्न घेऊन कुणी सहसा येत नाही, कारण तो घरातल्या घरातच निकालात निघतो. हे प्रकरण आलं ते एक प्रयत्न फसल्यावर. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पार्श्वभूमी

ऋतुजा धनकवडीत राहते. वडील रिक्षा चालवतात, आई एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, धाकटा भाऊ सहावीत आहे. २०२५ ची दहावीची परीक्षा १७ मार्चला संपली. तेव्हा तिला सोळा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. अकरावी सुरू व्हायला जून तरी उजाडणार, म्हणजे तीन महिने मोकळे. तिला एमएस-सीआयटीचा, म्हणजे संगणकाचा कोर्स करायचा होता आणि तो स्वतःच्या पैशाने करायचा होता. का, असं विचारल्यावर म्हणाली, "पप्पांकडे पैसे मागितले की आधी रिक्षाच्या हप्त्यांचा हिशोब ऐकावा लागतो."

घरात दोन मतं होती. आईचा विरोध नव्हता, धास्ती होती. तिचा सख्खा भाऊ आठवीच्या सुट्टीत गॅरेजमध्ये लागला तो पुन्हा शाळेत गेलाच नाही. हातात पैसा खुळखुळला की पोरं वह्या मिटतात, हे तिने घरातच पाहिलेलं. वडिलांचं वेगळंच. "पोरीला कामाला लावली म्हणतील लोक." शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर: काम ओळखीच्याच माणसाकडे करायचं.

या अटीत वावगं काही दिसत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला अनोळखी दुकानात कोण पाठवेल? पण पुढचा सगळा घोळ या अटीतूनच झाला.

अडचण

वडिलांच्या ओळखीच्या एका कापड दुकानदाराने गुढीपाडव्याच्या गर्दीसाठी तिला बोलावलं. पगाराचं काय, असं वडिलांनी विचारलं नाही. दुकानदारही काही बोलला नाही, "पोर आपलीच आहे" एवढंच म्हणाला. दहा-अकरा दिवस ऋतुजा सकाळी दहाला जायची आणि रात्री साडेनऊच्या पुढे घरी यायची. काम म्हणजे ड्रेस मटेरियलच्या घड्या उलगडून दाखवायच्या आणि गिऱ्हाईक उठून गेलं की पुन्हा घालायच्या. पाडवा झाला आणि तिच्या हातात एक पाकीट आलं. आत पाचशेची नोट, सोबत एक ड्रेस पीस.

घरात कुणालाच काही बोलता येईना. हाच दुकानदार रिक्षाच्या कर्जाला जामीन राहिलेला. आई म्हणाली, "जाऊ दे, पुढच्या वेळी बघू." ऋतुजा म्हणाली, पुढची वेळ नाही. मला ती म्हणाली ते असं: "मॅडम, तो ड्रेस पीस मी दहा दिवस बायकांना उघडून दाखवला. आता तोच मला दिलाय. मी तो शिवणार नाही."

आई माझ्याकडे आली ती विनंती घेऊन. "तुम्हीच एखाद्या चांगल्या ठिकाणी शब्द टाका. तुमच्या शब्दाला मान आहे."

पहिला निर्णय: शब्द टाकायचा का?

शब्द टाकणं सोपं होतं. शाळेला वह्या पुरवणाऱ्या दुकानदाराला एक फोन केला असता तर तो नाही म्हणाला नसता, आणि अडचण नेमकी तिथेच होती. माझ्या शब्दावर तिला ठेवलं असतं तर पगाराचं बोलणं माझ्या आणि त्याच्यात झालं असतं, किंवा झालंच नसतं. उशीर झाला, जास्त थांबवलं, पैसे राहिले, तरी ती गप्पच बसली असती, कारण मॅडमचं नाव आहे. म्हणजे वडिलांच्या जागी मी आले असते, एवढाच फरक.

ओळखीने काम लवकर मिळतं आणि ओळखीच्या माणसाकडे पैसे मागता येत नाहीत. आपल्याकडे या दोन गोष्टी एकत्रच येतात. मोठ्या माणसांना हे पचवता येतं, वर्षानुवर्षांच्या देण्याघेण्यात हिशोब कुठेतरी जुळतो. मुलीला मात्र पहिल्याच कामात यातून कळतं ते एवढंच की मागायचं नसतं.

म्हणून ठरलं असं: काम ती स्वतः शोधेल, दर आणि वेळ ती स्वतः बोलेल. आम्ही मोठ्यांनी कुंपण घालायचं, म्हणजे कुठे जायचं नाही, किती वाजेपर्यंत थांबायचं, आणि जागा एकदा डोळ्यांखालून घालायची. वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांना पटलं ते माझ्या बोलण्याने नव्हे. घरात पडून राहिलेला ड्रेस पीस त्यांना रोज दिसत होता.

कुंपण कुठे घालायचं

इथे कायद्याचा आधार घेतला, कारण "मला वाटतं म्हणून" या कारणावर सोळा वर्षांची मुलगी ऐकत नाही, आणि दुकानदार तर नाहीच. १९८६ चा बालकामगारांविषयीचा कायदा २०१६ मध्ये बदलला, तेव्हा त्यात १४ ते १८ वयाच्या किशोरवयीन मुलांचा वेगळा विचार आला. चौदाच्या आतल्यांना कामावर ठेवायलाच बंदी आहे, अपवाद मोजके. चौदा ते अठरा वयाच्यांना काम करता येतं, पण खाणी, ज्वलनशील किंवा स्फोटक पदार्थ, धोकादायक प्रक्रिया अशी कामं नाहीत.

बहुतेकांना इतकं ऐकून माहीत असतं. फारसं माहीत नसतं ते वेळेचं. किशोरवयीन मुलाला सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्यानंतर किमान एक तास विश्रांती हवी. विश्रांती धरून दिवसाचा सगळा पसारा सहा तासांच्या आत बसायला हवा. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही, जादा वेळ नाही, आणि आठवड्याची सुट्टी हवी. कापड दुकानातले दहा दिवस या मापाने पाहिले तर त्यातला एकही नियमात बसत नव्हता. ऋतुजाने ते कागदावर मांडलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा राग थोडा उतरला. आपलंच काहीतरी चुकलं, असं तिला तोवर वाटत होतं.

समोरचे पर्याय

मामाच्या ओळखीने लग्नात वाढपी म्हणून जाणं. पैसे रोजच्या रोज आणि बरे, पण पंगती रात्री उठतात. शिवाय पुन्हा ओळख. सोडलं.

घरपोच डिलिव्हरीची अ‍ॅप्स. अठरा पूर्ण हवीत, दुचाकीसाठी वाहन परवाना हवा. प्रश्नच नाही.

"घरबसल्या टायपिंग करा, महिन्याला वीस हजार." हा मेसेज तिला मैत्रिणीकडून आला होता आणि ती भरायलाही निघाली होती, कारण "रजिस्ट्रेशन फक्त ४९९". कामाला लागण्याआधी जो आपल्याकडूनच पैसे मागतो तो काम देत नसतो, हे एकदा सांगून पुरलं.

गल्लीतलं ब्युटी पार्लर. तिथल्या ताई म्हणाल्या, "शिकायला ये, पैसे नाही मिळणार, पण हात बसेल." हा पर्याय आईला फार आवडला होता. शिकण्यात गैर काहीच नाही, पण ते शिकणं झालं. तिला कोर्सची फी जमवायची होती. ज्या कामाने दुकानाचा गल्ला भरतो त्या कामाला "शिकणं" म्हणून फुकट करून घेण्याची पद्धत मला पटत नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

उरली आसपासची दुकानं: झेरॉक्स, स्टेशनरी, औषधं, बेकरी, आणि एप्रिल लागल्यामुळे जागोजागी उभे राहिलेले आंब्याचे गाळे.

तयारी

बायोडाटा वगैरे केला नाही. असल्या दुकानात तो कुणी वाचत नाही. एका वहीच्या पानावर चार ओळी: नाव, वय, आईचा फोन, आणि "तोंडी हिशोब येतो, मराठी-हिंदी बोलते, ११ ते ५ येऊ शकते." हे पान द्यायचं नव्हतं, बोलताना काही सुटू नये म्हणून हातात ठेवायचं.

खरी तयारी एका वाक्याची होती. दुकानदार "किती घेशील?" असं विचारेल तेव्हा "तुम्ही द्याल ते" म्हणायचं नाही. हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघायचं. आम्ही शाळेच्या रिकाम्या वर्गात बसून सराव केला. मी दुकानदार, ती ती. पहिल्या खेपेला ती हसली, दुसऱ्या खेपेला गप्प बसली, मग हळूहळू आकडा बाहेर आला. आकडाही हवेतून काढला नव्हता. तिने शेजारच्या दोन दादांना विचारलं, दुकानात दहा तास उभं राहिल्याचे किती मिळतात. उत्तर सहाशेच्या आसपास आलं. मग प्रत्यक्ष कामाच्या पाच तासांचे तीनशे.

वेळही नीट निवडावी लागली. सकाळी दुकानात पूजा, माल लावणं, संध्याकाळी गर्दी. बोलायला दुपारच बरी. पण हे पुणं, दुपारी एक ते चार कुलूप. म्हणून साडेचारचा सुमार धरला.

शोध

झेरॉक्सवाल्याने सांगितलं, कागदाच्या रिम उचलायला मुलगा पाहिजे. औषधाच्या दुकानात मान हलवली. स्टेशनरीवाले म्हणाले, "आत्ता काय, जूनमध्ये ये, वह्यांचा सीझन असतो." बेकरीत रात्री दहापर्यंत थांबायला लागलं असतं. नकार ऐकून ती दोन दिवस घरी बसली. या टप्प्यावर वडील पुन्हा म्हणाले, "मी बोलू का कुणाशी?" आईने त्यांना थांबवलं. प्रकरण तरलं त्यात आईच्या या एका "थांबा"चा वाटा मोठा आहे.

सातारा रस्त्यालगत एका मंगल कार्यालयाच्या वाहनतळावर रत्नागिरीकडच्या एका कुटुंबाने हंगामापुरता गाळा लावला होता. काका, काकू आणि गावाकडचे दोन गडी. ऋतुजा मैत्रिणीला घेऊन गेली. बोलणं तिने नंतर मला जसंच्या तसं सांगितलं.

"काम मिळेल का, काका?"

"आंब्यातलं काय येतं?"

"काही नाही. हिशोब येतो."

त्यांनी तिथल्या तिथे विचारलं: साडेसातशेचा डझन, अडीच डझन, दोन हजार दिले, परत किती? तिने एकशे पंचवीस सांगितलं. मग "किती घेशील?" तिने तीनशे म्हटलं. ते म्हणाले, दोनशे. ती गप्प राहिली, पण जागची हलली नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "तीन दिवस बघूया, अडीचशेने. जमलं तर तीनशे."

दुसऱ्या दिवशी आई गेली. पगाराचं अक्षरही न काढता तिने तीन गोष्टी पाहिल्या: काकू दिवसभर गाळ्यावर असतात का, संडास-बाथरूमची सोय काय (कार्यालयाचं उघडं असतं), आणि आंबे पिकवतात कशाने. शेवटचा प्रश्न माझा होता. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, तरी पुड्या वापरणारे असतात, आणि तिथे हात घालायला मुलीला पाठवायचं नव्हतं. काकांनी तिला मागची अढी दाखवली. गवतात मांडलेले थर, बाकी काही नाही.

त्या रात्री आईच्या फोनवरून ऋतुजाने एक मेसेज पाठवला: "काका, ठरल्याप्रमाणे मंगळवारपासून येते. वेळ ११ ते ५, दुपारी २ ते ३ सुट्टी. सोमवारी सुट्टी. पहिले ३ दिवस २५०, मग ३००. पैसे दर शनिवारी. ७ जूनपर्यंत. ऋतुजा." उत्तरात एक अंगठा आला. करार तो एवढाच, आणि पुढे तो कामी आला.

काम सुरू झाल्यावर

१५ एप्रिलला ती रुजू झाली. काम अढी बघण्याचं. आंबा दाबून पाहायचा नाही, दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे डाग धरतो. देठाजवळ वास घ्यायचा, रंग पाहायचा, तयार झालेला पुढच्या पेटीत, कच्चा पुन्हा गवतात, डागी बाजूला. डझन मोजताना दोन्ही हातांत एकेक घेऊन सहा वेळा, म्हणजे गिऱ्हाईकालाही दिसतं. आठवड्याभरात काकांपेक्षा तिचं नाक बरं, असं काकू म्हणायला लागल्या.

दुसरा निर्णय: अक्षय्य तृतीया

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया. अनेक घरांत हंगामातला पहिला आंबा त्या दिवशी खातात, त्यामुळे आदल्या दिवसापासूनच गाळ्यावर झुंबड. काका म्हणाले, दोन्ही दिवस रात्री साडेनऊपर्यंत थांब, वर शंभर देतो. तिला थांबायचं होतं. आईलाही वाटलं, दोनच दिवस आहेत.

मला फोन आला तेव्हा मी "नाही" म्हणाले नाही. सातची मर्यादा कशासाठी आहे ते पुन्हा सांगितलं आणि विचारलं, गर्दी कधी असते? पाचनंतर. मग तुझे सहा तास पुढे सरकवता येतील का? तिने काकांना स्वतः सांगितलं: हे दोन दिवस एक ते सात येते, सुट्टी चार ते पाच, सातला पप्पा घ्यायला येतील. काका कुरकुरले. पण गर्दीचे दोन तास त्यांना मिळत होते. सातच्या ठोक्याला वडील रिक्षा घेऊन उभे राहिले आणि तिथूनच त्यांना पेट्या घेऊन निघालेलं भाडं मिळालं. त्यानंतर त्यांनी लोक काय म्हणतील हा विषय काढला नाही.

तिसरा निर्णय: कापलेले दीडशे

मेच्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ अर्धा डझन कापलेले आंबे डब्यात घालून घेऊन आले. आत साका. वरून आंबा सुरेख, आतला गर पांढरट, फसफसलेला. काकांनी त्यांना आंबे बदलून दिले आणि शनिवारी ऋतुजाचे दीडशे कापले: "तू भरून दिले होतेस."

साका बाहेरून कळत नाही, हे आंब्याच्या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. तो व्यापाऱ्याचा तोटा. तिला हे काकूंनीच शिकवलेलं. तिने शनिवारी काही न बोलता पैसे घेतले, रविवारी दुपारी गाळा रिकामा असताना काकांना म्हणाली, "साका मला दिसणार कसा, ते शिकवा. शिकवूनही चुकले तर कापा." काका हसले. पुढच्या शनिवारी दीडशे परत आले, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

हे वाक्य तिला मी दिलं नव्हतं. सरावात आम्ही असं काही केलंच नव्हतं.

शेवट आणि हिशोब

१३ मेला दहावीचा निकाल लागला. दुपारी एकला काकूंच्या फोनवर पाहिला, बहात्तर टक्के. मग अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची धावपळ, दाखले, त्यात दोन रजा गेल्या. त्या दिवसांचे पैसे नाहीत, हे आधी ठरलं नव्हतं, पण तिने मागितलेही नाहीत.

आणि मग पाऊस. त्या वर्षी मेच्या मध्यापासूनच पुण्यात रोज झोडपायला लागला. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. पाऊस पडला की हापूसचं गिऱ्हाईक ओसरतं. काकांनी २४ मेला गाळा उतरवला. सात जूनचं बोलणं झालेलं, पण न झालेल्या दोन आठवड्यांचे पैसे मागायचा प्रश्न नव्हता. हंगामी काम हंगामाबरोबरच संपतं. शेवटच्या आठवड्याचे पैसे मात्र "गावाला पोहोचलो की पाठवतो" वर गेले. चार दिवसांनी तिने तोच जुना मेसेज पुढे पाठवला, खाली एक ओळ: "काका, शेवटचा आठवडा राहिला आहे." त्याच संध्याकाळी आईच्या फोनवर पैसे जमा झाले. एकूण तेहेतीस दिवस, नऊ हजार सातशे पन्नास रुपये.

त्यातून एमएस-सीआयटीची फी भरली. दोन हजार वडिलांनी रिक्षाच्या पासिंगसाठी उसने घेतले, ते हे लिहीपर्यंत परत आलेले नाहीत. अकरावी वाणिज्यला प्रवेश झाला. आईची जुनी धास्ती खरी ठरली नाही, पण एका सुट्टीवरून त्याबद्दल ठाम काही म्हणणं घाईचं होईल.

वेगळं काय करता येईल

पैशाचं आधी ठरवायला हवं. पहिल्या शनिवारी आईने "मी ठेवते" म्हणून पैसे घेतले आणि घरात तीन दिवस अबोला झाला. आईचा हेतू चांगला होता, ऋतुजाचा रागही बरोबर होता. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं उघडायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. बँकेच्या अटी विचारून ते कामाच्या आधीच उघडलं असतं तर पैसे थेट तिच्या खात्यात गेले असते. किती घरात द्यायचे, किती तिचे, हेही त्याच वेळी बोलता आलं असतं. उसन्या दोन हजारांबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. दुकानदाराशी केली ती गोष्ट घरात करणं जास्त अवघड असतं.

शोध मार्चच्या सुरुवातीलाच लावायला हवा. आंब्याचे गाळे, उन्हाळी शिबिरं, वह्या-पुस्तकांची दुकानं, प्रत्येकाचा हंगाम वेगळा. परीक्षा संपल्यावर विचार सुरू केला की हाताशी लागेल ते घ्यावं लागतं, आणि हाताशी असतं ते ओळखीतलंच.

मेसेजमध्ये दोन ओळी कमी होत्या: रजेच्या दिवसाचं काय, आणि नुकसान झालं तर काय. दीडशेचा प्रसंग सुखरूप निभावला तो काकूंमुळे. दुसरा मालक असता तर तसं झालं नसतं.

राहिला कायद्यातला एक भाग, जो कुणीच पाळला नाही. किशोरवयीन मुलाला कामावर ठेवलं की मालकाने तीस दिवसांत निरीक्षकाला कळवायचं असतं, वय आणि वेळ लिहिलेली नोंदवही ठेवायची असते. वेळेचा नियम ऋतुजाने काकांना समजावला आणि त्यांनी तो पाळलाही. नोंदवहीचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग मी पोर ठेवतच नाही." या उत्तरावर माझ्याकडे आजही तोड नाही. पुढच्या हंगामात शाळेतली आणखी दोन मुलं विचारायला येणार आहेत, त्याआधी कामगार कार्यालयात जाऊन छोट्या हंगामी गाळ्यांनी नेमकं काय भरून द्यायचं ते मी लेखी विचारणार आहे.